यांकीज बाद झाले, आणि त्याचा आनंद मी का लपवत नाही

चार्ल्सकाठ (बॉस्टन) – ९ ऑक्टोबर २०२५

काल रात्री न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर टोरांटो ब्लू जेजने बेसबॉलच्या बाद फेरीत (प्लेऑफमध्ये) न्यूयॉर्क यांकीजना ५-२ असे हरवले, पाच सामन्यांची मालिका ३-१ अशी खिशात टाकली आणि यांकीजचा या वर्षीचा हंगाम तिथेच संपला. मी बॉस्टनमध्ये राहतो आणि इथल्या रेड सॉक्स संघाचा चाहता आहे. आमचा संघ २ ऑक्टोबरला याच मैदानावर, याच यांकीजकडून हरून बाहेर पडला होता. त्यामुळे कालच्या सामन्यात माझे स्वतःचे असे काहीच पणाला लागलेले नव्हते. तरीही शेवटचा बॅटर बाद होईपर्यंत मी पडद्यासमोरून हललो नाही, आणि तो बाद झाल्यावर जे वाटले ते आमच्या संघाच्या एखाद्या मोठ्या विजयानंतर वाटते त्यापेक्षा तसूभरही कमी नव्हते.

दुसऱ्याच्या पराभवावर असे खूश होण्याला आपल्याकडे असुरी आनंद म्हणतात आणि तो झालाच तर मनातल्या मनात ठेवावा, असा संकेत आहे. हा संकेत रुग्णालयात, कचेरीत आणि शेजारपाजारी योग्यच आहे. बेसबॉलच्या ऑक्टोबर महिन्यात तो लागू होतो असे मला वाटत नाही, आणि का वाटत नाही ते नीट मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

आधी या वर्षीची हकिकत सांगतो. साखळी सामन्यांत आम्ही यांकीजना तेरापैकी नऊ वेळा हरवले होते. बाद फेरीची सुरुवात करणाऱ्या, तीन सामन्यांच्या वाइल्ड कार्ड मालिकेचा पहिला सामनाही गॅरेट क्रोशेच्या पिचिंगच्या (चेंडूफेकीच्या) जोरावर आम्ही ३-१ असा जिंकला. दुसरा सामना ४-३ असा निसटला आणि तिसऱ्यात कॅम श्लिटलर या नवख्या पिचरने आठ इनिंगमध्ये आमचे बारा बॅटर स्ट्राइक आउट (चेंडू मैदानात मारू न देता बाद) केले, एकालाही फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिले नाही आणि आम्ही ०-४ असे संपलो. हा मुलगा मूळचा कुठला, तर बॉस्टनच्या दक्षिणेकडील वॉलपोलचा, आणि शिकला बॉस्टनच्याच नॉर्थईस्टर्न विद्यापीठात. आमच्याच अंगणातल्या मुलाने त्यांचा गणवेश घालून आम्हाला घरी पाठवले. सहा दिवसांनी टोरांटोविरुद्धच्या निर्णायक सामन्यात यांकीजनी पुन्हा त्यालाच पिचिंगला उभे केले आणि या वेळी ते हरले. आता मला सांगा, या दोन घटना मी एकमेकींपासून वेगळ्या कशा पाहायच्या?

यामागे शंभर वर्षांचा हिशेब आहे. रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रूथला यांकीजना विकल्याचे जानेवारी १९२० मध्ये जाहीर झाले. तोवर यांकीजनी एकही वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकलेली नव्हती आणि आम्ही पाच जिंकल्या होत्या. आज त्यांच्याकडे २७ आहेत. आम्ही १९१८ नंतर थेट २००४ मध्ये जिंकलो. मधल्या काळात १९७८ मध्ये बकी डेंट नावाच्या, होम रनसाठी (थेट मैदानाबाहेर जाणाऱ्या फटक्यांसाठी) मुळीच प्रसिद्ध नसलेल्या त्यांच्या खेळाडूने आमच्या फेनवे पार्क मैदानाच्या हिरव्या भिंतीवरून चेंडू मारून आमचे वर्ष संपवले. २००३ मध्ये त्यांच्याविरुद्धच्या मालिकेच्या सातव्या सामन्यात, अकराव्या इनिंगमध्ये आमच्या टिम वेकफिल्डच्या पहिल्याच चेंडूवर त्यांच्या एरन बूनने होम रन मारला. तोच एरन बून आज यांकीजचा व्यवस्थापक आहे, आणि काल डगआउटच्या कठड्याला टेकून आपल्या संघाचा हंगाम संपताना पाहत होता.

या आनंदाला खेळाच्या रचनेचेही कारण आहे. बेसबॉलचा संघ सहा महिन्यांत १६२ सामने खेळतो. बऱ्याच खेळांतला प्रतिस्पर्धी वर्षातून दोनदा भेटतो. हा रोज रात्री बातम्यांत, गुणतक्त्यात आणि कचेरीतल्या चर्चेत असतो. त्यांचा सातवा बॅटर कोण आणि त्यांच्या कोणत्या पिचरचे कोपर दुखते हे मला आमच्या संघाइतकेच माहीत असते. शिवाय या खेळात सामना संपवणारे घड्याळ नाही. आघाडी घेऊन वेळ काढता येत नाही. समोरच्याचे सत्ताविसावे बाद होईपर्यंत त्याला संधी द्यावीच लागते. म्हणून प्रतिस्पर्ध्याचे बाद होणे हे शेवटच्या क्षणापर्यंत पक्के नसते, आणि ते घडल्यावर सहा महिन्यांची धास्ती एकदम संपते. मी ज्याला आनंद म्हणतो आहे त्यातला मोठा भाग ही सुटका आहे.

सर्वांनी आपले मत मोकळेपणाने लिहावे. यांकीजच्या चाहत्यांनीही.

धावफलक (पुणे) – ९ ऑक्टोबर २०२५

चार्ल्सकाठ, लेख आवडला. मी क्रिकेट पाहणारा माणूस आहे आणि बेसबॉल मला जेमतेम कळतो, तरी एक शंका विचारतो. मुंबई इंडियन्सने २०१३, २०१५ आणि २०१९ या तिन्ही अंतिम सामन्यांत चेन्नईला हरवले तेव्हा मला आनंद झाला, पण तो माझा संघ जिंकल्याचा होता. चेन्नई तिसऱ्याच कोणाकडून हरली तर मी फार तर हसून सोडून देतो. तुमचा संघ तर आधीच बाहेर पडला होता. मग टोरांटोच्या विजयात तुम्ही नेमके काय मिळवले? यांकीज हरले म्हणून रेड सॉक्स काही परत स्पर्धेत येत नाहीत.

दुसरी शंका अशी की, ज्या संघाने तुम्हाला हरवले तो पुढे जिंकत गेला तर निदान विजेत्याकडून हरल्याचे समाधान मिळते. ते तुम्हाला नको वाटते का?

जुनाफेनवे (केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स) – ९ ऑक्टोबर २०२५

धावफलक, दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे. विजेत्याकडून हरल्याचे समाधान हे तटस्थ माणसाला मिळते. आम्हाला ते २००३ मध्येही मिळाले नाही. त्या वर्षी आमचा पिचर पेड्रो मार्टिनेझ थकलेला दिसत असताना आमचे व्यवस्थापक ग्रेडी लिटल यांनी त्याला आठव्या इनिंगमध्ये मैदानावर ठेवले, आघाडी गेली आणि पुढे बूनने काम संपवले. यांकीज वर्ल्ड सिरीजमध्ये गेले आणि फ्लोरिडा मार्लिन्सकडून सहा सामन्यांत हरले. त्या पराभवाने या शहराला पहिल्यांदा नीट झोप लागली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नाही.

पहिल्या शंकेसाठी मात्र २००४ सांगावे लागेल, कारण ते वर्ष समजल्याशिवाय हे नाते समजत नाही.

वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या, सात सामन्यांच्या मालिकेत यांकीज आमच्याविरुद्ध ३-० असे पुढे होते. तिसरा सामना त्यांनी आमच्याच मैदानात १९-८ असा जिंकला होता. मेजर लीग बेसबॉलच्या इतिहासात तीन सामने गमावून कोणीही मालिका जिंकलेली नव्हती. चौथ्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये ते ४-३ असे पुढे होते आणि चेंडू मारियानो रिव्हेराच्या हातात होता, म्हणजे सर्वकाळातल्या सर्वश्रेष्ठ क्लोजरच्या, शेवटी येऊन आघाडी राखणाऱ्या पिचरच्या. त्याने आमच्या केव्हिन मिलारला चार बॉल (पट्ट्याबाहेरचे चेंडू) टाकून पहिला बेस दिला. मिलारच्या जागी धावण्यासाठी डेव्ह रॉबर्ट्स आला. तो दुसरा बेस चोरण्यासाठीच आला आहे हे मैदानातल्या प्रत्येकाला माहीत होते. रिव्हेराने पहिल्या बेसकडे तीनदा चेंडू फेकून त्याला रोखण्याचा प्रयत्न केला. मग त्याने बॅटरला पहिला चेंडू टाकला आणि रॉबर्ट्स धावला. तो वाचला तो हाताच्या रुंदीइतक्या अंतराने. बिल म्युलरच्या फटक्यावर तो घरी आला, बरोबरी झाली, आणि बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टिझने होम रन मारून सामना संपवला. तोवर मध्यरात्र उलटून १८ ऑक्टोबर उजाडला होता. त्याच दिवशी संध्याकाळी पाचवा सामना सुरू झाला. तो चौदा इनिंग आणि जवळपास सहा तास चालला आणि तोही ऑर्टिझनेच संपवला. एकाच तारखेला दोनदा त्याच माणसाने आम्हाला जिवंत ठेवले.

सहाव्या सामन्यात आमचा कर्ट शिलिंग घोट्याला टाके घालून, मोजा रक्ताने लाल होत असताना पिचिंग करत राहिला. त्याच सामन्यात यांकीजच्या ॲलेक्स रॉड्रिगेझने आमच्या ब्रॉन्सन अरॉयोच्या ग्लव्हमधला चेंडू हाताने उडवला आणि पंचांनी एकमेकांशी सल्लामसलत करून त्याला बाद ठरवले. सातवा सामना २० ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये झाला. जॉनी डेमनने दुसऱ्याच इनिंगमध्ये तिन्ही बेस भरलेले असताना होम रन मारला आणि आम्ही १०-३ असे जिंकलो.

त्यानंतर सेंट लुइस कार्डिनल्सविरुद्धची वर्ल्ड सिरीज आम्ही सरळ चार सामन्यांत जिंकली आणि ८६ वर्षांची प्रतीक्षा संपली. लोक आपल्या आईवडिलांच्या आणि आजोबांच्या थडग्यांवर रेड सॉक्सच्या टोप्या आणि पताका ठेवून आले. असे असूनही, त्या महिन्यातली सर्वांत मोठी रात्र कोणती असे या गावात विचारले तर बहुतेक जण वर्ल्ड सिरीज जिंकल्याची रात्र सांगणार नाहीत. ते २० ऑक्टोबरची, यांकीज बाद झाल्याची रात्र सांगतील. कार्डिनल्स हा फक्त एक चांगला संघ होता, तर यांकीजच्या हातून आम्ही आणि आमच्या आधीच्या पिढ्या हरत आल्या होत्या. तेच संपायला हवे होते.

हडसनवासी (न्यू जर्सी) – १० ऑक्टोबर २०२५

यांकीजच्या चाहत्यांनीही लिहावे असे म्हटले आहे, म्हणून लिहितो. या भागातल्या मराठी घरांत यांकीज आणि न्यूयॉर्कचाच दुसरा संघ मेट्स यांच्यावरूनही वाद होतात. बॉस्टनकरांशी वाद घालण्याची आम्हाला सवय आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तुमचा आनंद मला समजतो आणि तो खरा आहे, हेही मान्य आहे. आम्ही तुमच्या पराभवावर ८६ वर्षे तो उपभोगला. आमच्या मैदानावर १९१८ या वर्षाचा घोष होत असे, आणि तो ऐकताना बॉस्टनच्या खेळाडूंना काय वाटत असेल याचा विचार आम्ही कधी केला नाही. म्हणून आज मी दया मागत नाही.

परंतु चित्राची एक बाजू तुमच्याकडून राहिली आहे. परवा त्या मैदानावर टोरांटोच्या डगआउटमध्ये डॉन मॅटिंगली होते, ब्लू जेजचे बेंच कोच (व्यवस्थापकांचे साहाय्यक) म्हणून. आमच्या पिढीसाठी मॅटिंगली म्हणजे यांकीज. ते १९८२ मध्ये संघात आले, पुढे कर्णधार झाले आणि १९९५ मध्ये निवृत्त झाले. यांकीज १९८१ मध्ये वर्ल्ड सिरीज खेळले आणि त्यानंतर थेट १९९६ मध्ये. म्हणजे या माणसाची संपूर्ण कारकीर्द त्या दोन वर्षांच्या बरोबर मधे बसली. त्यांचा शेवटचा सामना ८ ऑक्टोबर १९९५ रोजी सिएटलमध्ये झाला. पहिले दोन सामने जिंकूनही आम्ही ती मालिका हरलो. शेवटच्या सामन्याच्या अकराव्या इनिंगमध्ये एडगर मार्टिनेझच्या फटक्यावर केन ग्रिफी ज्युनियर पहिल्या बेसवरून धावत घरी आला आणि ६-५ असा निकाल लागला. बरोबर तीस वर्षांनी, ८ ऑक्टोबरलाच, मॅटिंगली यांकीजना बाद करणाऱ्या संघाबरोबर त्यांच्याच मैदानावर उभे होते. मला परवाचा पराभव लागला, फार लागला, आणि त्याच वेळी या एका माणसासाठी मनात समाधानही होते. पराभवातही आमच्या संघाचे असे काही असते, जे बाहेरच्यांना दिसत नाही.

दुसरे म्हणजे, गेल्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमधली पाचवी इनिंग. लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध आम्ही ५-० असे पुढे होतो. ॲरन जजच्या हातून सोपा झेल सुटला, अँथनी व्होल्पीची फेक चुकली, आणि मुकी बेट्सचा साधा फटका आला तेव्हा गेरिट कोल पहिल्या बेसकडे धावलाच नाही. पाच धावा झाल्या, सामना ७-६ असा गेला आणि हंगाम संपला. त्या पाचव्या इनिंगची चित्रफीत बॉस्टनमधून आजवर मला किती जणांनी पाठवली असेल! पराभवाचा आनंद घ्या. पण जज हा सभ्य खेळाडू आहे, त्याने मैदानावर कोणाचा अपमान केलेला नाही. त्याचा झेल सुटला यात न्याय झाला असे कोणी म्हणू लागले की मला तिथे प्रतिस्पर्धा दिसत नाही.

ओंटारियोकर (मिसिसागा) – १० ऑक्टोबर २०२५

मी हा धागा वाचत होतो आणि माझा राग वाढत गेला, म्हणून स्पष्ट लिहितो. चार्ल्सकाठ, तुम्ही इतके सविस्तर लिहिले आणि त्यात आमच्या संघाच्या एकाही खेळाडूचे नाव नाही. बुधवारी रात्री यांकीज आपोआप हरले नाहीत. त्यांना टोरांटोने हरवले.

साखळीत दोन्ही संघांनी ९४ सामने जिंकले होते आणि आपसांतल्या सामन्यांत आम्ही सरस असल्यामुळे गटाचे विजेतेपद आमच्याकडे आले. मालिकेचा पहिला सामना आम्ही १०-१ असा जिंकला आणि दुसरा १३-७ असा. दुसऱ्या सामन्यात ट्रे येसॅव्हेज या २२ वर्षांच्या मुलाने, ज्याने सप्टेंबरमध्येच मेजर लीगमध्ये पाऊल ठेवले, पाच इनिंगहून अधिक काळ यांकीजना एकही हिट मिळू दिला नाही आणि अकरा जणांना स्ट्राइक आउट केले. त्याच सामन्यात व्लादिमिर गेरेरो ज्युनियरने तिन्ही बेस भरलेले असताना होम रन मारला. तिसऱ्या सामन्यात ६-१ अशी आघाडी आमच्या हातून गेली. जजने फाउल पोलवर (मैदानाच्या कडेच्या हद्दीच्या खांबावर) आदळवलेला तो होम रन मी कबूल करतो, तसा फटका मी पाहिलेला नाही. अशा पराभवानंतर दुसऱ्याच रात्री, एक भरवशाचा आरंभीचा पिचर हाताशी नसताना, एकामागून एक राखीव पिचर आणून आमच्या व्यवस्थापकांनी सामना जिंकून दाखवला. हे कर्तृत्व आहे, आणि तुमच्या लेखात ते बॉस्टनच्या जुन्या हिशेबातली एक वसुली म्हणून आले आहे.

आमच्याही मनात यांकीजबद्दल काही आहे, हे नाकारत नाही. आपण मेलो तरी यांकीजकडून खेळणार नाही, असे गेरेरोने काही वर्षांपूर्वीच सांगितले होते, आणि विजयानंतरच्या दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत त्याने यांकीजच्या रेडिओ निवेदकाची विजयाची प्रसिद्ध आरोळी फिरवून यांकीज हरल्याची आरोळी ठोकली. इथे सगळ्यांनी ती पुन्हा पुन्हा ऐकली. पण आमच्यासाठी ती जेवणानंतरच्या विड्यासारखी होती. जेवण म्हणजे आमचा संघ जिंकला, हे.

निरीक्षक (बंगळुरू) – १० ऑक्टोबर २०२५

धावफलक यांनी विचारलेल्या पहिल्या प्रश्नावर प्रत्यक्ष संशोधन झालेले आहे, आणि तेही याच दोन संघांच्या चाहत्यांवर. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांचा तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. रेड सॉक्स आणि यांकीजच्या कट्टर चाहत्यांना बेसबॉलमधले प्रसंग दाखवून त्या वेळी त्यांच्या मेंदूतील हालचाली मोजण्यात आल्या. आपला संघ यशस्वी होताना सुखाशी निगडित असलेला मेंदूचा जो भाग सक्रिय होत होता, तोच प्रतिस्पर्धी अपयशी ठरतानाही सक्रिय होत होता. महत्त्वाचे हे की, प्रतिस्पर्धी बाल्टिमोर ओरिओल्ससारख्या तिसऱ्याच संघाविरुद्ध अपयशी ठरला तरीही हे घडत होते. म्हणजे चार्ल्सकाठ यांना परवा जे झाले ते त्यांच्यापुरते नाही.

त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्षही इथे मांडला पाहिजे, कारण हडसनवासी यांच्या शेवटच्या मुद्द्याशी त्याचा संबंध आहे. ज्यांच्या मेंदूत प्रतिस्पर्ध्याच्या अपयशाला मिळणारा हा प्रतिसाद अधिक तीव्र होता, त्यांनी प्रतिस्पर्धी संघाच्या चाहत्याला त्रास देण्याची, त्याला धमकावण्याची किंवा मारण्याची आपली शक्यताही अधिक असल्याचे सांगितले. पराभवाचा आनंद आणि माणसाला इजा करण्याची तयारी यांच्यामध्ये फार जाड भिंत नसते, असा त्याचा अर्थ मी लावतो.

कोबेकर (जपान) – ११ ऑक्टोबर २०२५

इथल्या अनुभवाची थोडी भर घालतो. जपानमध्ये योमिउरी जायंट्सना तेच स्थान आहे जे अमेरिकेत यांकीजना. संघ देशातल्या एका सर्वांत मोठ्या वृत्तपत्राच्या मालकीचा आहे आणि १९६५ ते १९७३ अशी सलग नऊ वर्षे त्यांनी जपान सिरीज जिंकली होती. मी राहतो त्या कान्साई भागात हान्शिन टायगर्स हे घराघरांतले दैवत आहे, आणि जायंट्सविरोधी असणे ही इथे चाहत्यांची एक स्वतंत्र, उघडपणे सांगितली जाणारी ओळख आहे. असे लोकही भेटतात ज्यांचा स्वतःचा लाडका संघ कोणताच नाही. जायंट्स हरावेत एवढीच त्यांची इच्छा असते, आणि त्यासाठी ते वर्षभर सामने पाहतात. तेव्हा आपला संघ स्पर्धेत असल्याशिवाय हा आनंद घेता येत नाही, हे मला पटत नाही.

चार्ल्सकाठ (बॉस्टन) – १२ ऑक्टोबर २०२५

सर्वांचे आभार. ओंटारियोकर यांचा राग रास्त आहे. येसॅव्हेजने जे केले ते कोणत्याही शहराच्या चाहत्याने उभे राहून टाळ्या वाजवावे असे होते. माझे म्हणणे इतकेच की, एकच सामना दोन शहरांत दोन वेगळ्या कारणांनी साजरा होऊ शकतो आणि त्यात एकाने दुसऱ्याचे काही हिरावून घेतले असे होत नाही.

निरीक्षक आणि हडसनवासी यांनी उपस्थित केलेला प्रश्न अधिक गंभीर आहे आणि त्यावर मला मनापासून लिहायचे आहे. जुनाफेनवे यांनी ज्या रात्रीचे वर्णन केले, २० ऑक्टोबर २००४ची ती रात्र, ती या शहरात निर्भेळ आनंदाची राहिली नाही. फेनवे पार्कच्या बाहेर हजारोंचा जमाव होता, काही जण जाळपोळ आणि तोडफोड करत होते, आणि जमाव पांगवण्यासाठी पोलिसांनी झाडलेली मिरपुडीची एक गोळी डोळ्याला लागून २१ वर्षांची एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी मृत्यू पावली. तिने काहीही केले नव्हते. त्या विजयाच्या आठवणी सांगताना आम्ही ही गोष्ट बहुतेक वेळा गाळतो, आणि ती गाळली जाऊ नये असे मला वाटते. गेल्या वर्षी यांकी स्टेडियमवर दोन प्रेक्षकांनी मुकी बेट्सच्या ग्लव्हमधून चेंडू खेचून काढण्यासाठी त्याचा हात धरला, तोही याच जातीचा प्रकार. प्रेक्षकाचा हात खेळाडूच्या अंगाला लागला की तिथे चाहतेपण संपते, मग तो प्रेक्षक कोणत्याही शहराचा असो.

पण या प्रतिस्पर्धेने मर्यादा सांभाळल्याचे प्रसंगही मी पाहिले आहेत. ११ एप्रिल २००५ रोजी फेनवेवर विजेतेपदाच्या अंगठ्या वाटल्या गेल्या तेव्हा समोर यांकीजचाच संघ होता आणि त्यांचे खेळाडू डगआउटमधून तो सोहळा पाहत होते. खेळाडूंची ओळख करून देताना मारियानो रिव्हेराचे नाव पुकारले गेले आणि फेनवेवरच्या प्रेक्षकांनी त्याचे अशा जल्लोषात स्वागत केले की जणू तो आमचाच खेळाडू असावा. त्यात चिडवणे होते, हे उघडच आहे. त्याच्या हातून निसटलेल्या दोन सामन्यांमुळेच आम्ही तिथवर आलो होतो. रिव्हेराने हसून टोपी उंचावली. इतका दिलदार प्रतिस्पर्धी लाभणे हे भाग्य आहे. एप्रिल २०१३ मध्ये आमच्या मॅरेथॉनमध्ये बाँबस्फोट झाले. दुसऱ्याच दिवशी यांकी स्टेडियमवर, फेनवेवर आठव्या इनिंगमध्ये गायले जाणारे आमचे गाणे वाजवले गेले आणि न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी ते म्हटले. २८ सप्टेंबर २०१४ रोजी डेरेक जीटर आपला शेवटचा सामना फेनवेवर खेळला, आणि ज्याला आम्ही जवळपास वीस वर्षे हुर्यो केली त्याला सगळे मैदान उभे राहून निरोप देत होते.

म्हणून हडसनवासी, जजच्या सुटलेल्या झेलाबद्दल तुमचे म्हणणे मला मान्य आहे. संघ बाद झाल्याचा आनंद मी घेईन. एका माणसाच्या आयुष्यातली सर्वांत वाईट इनिंग त्याला आयुष्यभर दाखवत राहणे मला योग्य वाटत नाही, आणि ती चित्रफीत मी कोणालाही पाठवत नाही.

जुनाफेनवे (केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स) – १२ ऑक्टोबर २०२५

चार्ल्सकाठ यांच्याशी बहुतांशी सहमत आहे. एक भर घालतो: खेळाडू स्वतःही हे सगळे करतात आणि ते खेळाचा भाग म्हणूनच घेतले जाते. यांकीजविरुद्धच्या २०१८च्या मालिकेतला दुसरा सामना फेनवेवर जिंकल्यानंतर ॲरन जज आमच्या खेळाडूंच्या खोलीसमोरून यांकीजचे विजयगीत ध्वनिवर्धकावर वाजवत गेला होता. पुढचे दोन्ही सामने न्यूयॉर्कमध्ये झाले. त्यातला पहिला आम्ही १६-१ असा जिंकला, दुसरा ४-३ असा, आणि मालिका संपल्यावर आमच्या खेळाडूंनी तेच गाणे त्यांच्या मैदानातल्या पाहुण्यांच्या खोलीत मोठ्याने लावले. जज सभ्य आहेच; चिडवण्याचा हक्क सभ्य माणसालाही असतो, आणि चिडवून घेण्याची जबाबदारीही.

ओंटारियोकर (मिसिसागा) – २ नोव्हेंबर २०२५

काल रात्री सातवा सामना संपला. ३२ वर्षांनी आमचा संघ वर्ल्ड सिरीजमध्ये गेला होता. बो बिशेटच्या होम रनने आम्ही ३-० असे पुढे गेलो होतो. नवव्या इनिंगमध्ये ४-३ अशी आघाडी असताना, फक्त दोन बाद हवे असताना, मिगेल रोहासने बरोबरीचा होम रन मारला, अकराव्या इनिंगमध्ये विल स्मिथने आणखी एक मारला आणि डॉजर्स ५-४ असे जिंकले. मला आज फार लिहिता येणार नाही.

एवढेच सांगतो की, सकाळपासून न्यूयॉर्कमधल्या परिचितांचे संदेश येत आहेत. गेरेरोची ती आरोळी टोरांटोचे नाव घालून मला परत पाठवली जात आहे. तीन आठवड्यांपूर्वी आम्हीही तेच केले होते, त्यामुळे मी कोणाला उत्तर दिलेले नाही. मॅटिंगली यांनाही ती अंगठी मिळाली नाही, हे हडसनवासी यांना सांगायचे होते.

हडसनवासी (न्यू जर्सी) – ३ नोव्हेंबर २०२५

ओंटारियोकर, तो सामना मी शेवटपर्यंत पाहिला. मॅटिंगली यांच्यासाठी मला टोरांटो जिंकायला हवे होते आणि ८ ऑक्टोबरच्या रात्रीसाठी हरायला हवे होते. रोहासचा चेंडू भिंतीपलीकडे गेला तेव्हा मी ओरडलो, हे खरे आहे. पण बॉस्टन हरल्यावर जसे वाटते तसे ते नव्हते. तुमच्या संघाशी आमचा तेवढा हिशेब अजून साठलेला नाही. आणखी दोनतीन ऑक्टोबर असेच गेले तर साठेल. डॉजर्सचे व्यवस्थापक डेव्ह रॉबर्ट्स, म्हणजे २००४ मध्ये दुसरा बेस चोरणारे तेच. त्यांनी गेल्या वर्षी आम्हाला आणि या वर्षी तुम्हाला हरवले, ही आता आपल्या दोघांची सामाईक तक्रार झाली.

चार्ल्सकाठ आणि जुनाफेनवे यांच्यासाठी एक आकडा ठेवतो, कारण धाग्यात तो कोणीच दिला नाही. प्लेऑफमध्ये आपले संघ आजवर सहा वेळा समोरासमोर आले आहेत. १९९९, २००३ आणि २०२५ मध्ये आम्ही जिंकलो. २००४, २०१८ आणि २०२१ मध्ये तुम्ही. सहा लढती, तीन-तीन. सातवी ज्या वर्षी होईल त्या वर्षी हा धागा पुन्हा वर काढावा.